दीड त्रिशंकू: हर्णैच्या समुद्रावर हवाईची विद्या, हंगाम दुसरा

गेल्या वर्षीच्या एप्रिलमधलं माझं मोजमाप चुकलं होतं. कनकदुर्ग किल्ल्यावर उभं राहून, उपकरणाशिवाय, नुसते तारे बघून मी हर्णैचा अक्षांश काढला तो जवळपास सुरतेचा निघाला. म्हणजे साडेतीनशे किलोमीटर उत्तरेला. होडीवर असते तर मुक्काम चुकलाच असता. या हंगामात ती चूक कुठे होती ते सापडलं, आणि ती सुधारून पुन्हा मोजता आलं. नोंद त्याचीच आहे.

हवाईची विद्या म्हणजे तारे आणि लाटा बघून, उपकरणांशिवाय समुद्रावर वाट काढणं. नव्याने या वाटेला लागलेल्यांसाठी थोडं मागचं. 1976 च्या 1 मे रोजी होकुलेआ ही दोन होड्या जोडून केलेली, शिडाची नौका हवाईतल्या माउई बेटावरून निघाली आणि 4 जूनला ताहितीच्या पपीटे बंदरात पोहोचली. चार हजार किलोमीटरहून जास्त अंतर, आणि वाट दाखवणाऱ्याकडे होकायंत्र, नकाशा, घड्याळ यातलं काहीच नव्हतं. तो माऊ पियाईलुग, मायक्रोनेशियातल्या सातावाल या इवल्या बेटाचा. हवाईत तोवर ही विद्या जाणणारा कुणी उरला नव्हता, म्हणून त्याला बोलवावं लागलं. पॉलिनेशियाचे लोक वाऱ्या-प्रवाहाबरोबर चुकूनमाकून बेटांना लागले असतील, असं मानणाऱ्या विद्वानांना त्या महिन्याभराने उत्तर दिलं. माऊला त्याच्या आजोबांनी तान्हेपणी खडकांतल्या पाण्याच्या डबक्यात ठेवलं होतं, समुद्राची हालचाल अंगात मुरावी म्हणून. पुढे 1980 मध्ये हवाईचाच नाइनोआ थॉम्पसन त्याच वाटेने ताहितीला जाऊन परत आला.

होकुलेआ हे एका ताऱ्याचं नाव, आनंदाचा तारा. आपण त्याला स्वाती म्हणतो. हवाईच्या डोक्यावरून जाणारा तारा म्हणून तो घराची खूण: परतताना स्वाती अगदी माथ्यावरून जायला लागला की घराचा अक्षांश आला. त्याची क्रांती, म्हणजे आकाशातल्या विषुववृत्तापासूनचं त्याचं अंतर, आज उत्तर 19 अंशांच्या किंचित वर आहे आणि मुंबईचा अक्षांशही जवळपास तेवढाच. मुंबईकरांच्या गच्चीवरून हवाईचा हा तारा दरवर्षी बरोब्बर माथ्यावरून जातो. मला हे पहिल्यांदा उमगलं त्या रात्री मी बराच वेळ गच्चीवर पाठ टेकून पडून होते.

आता त्रिशंकूकडे, म्हणजे दक्षिण आकाशातल्या क्रूसाच्या आकाराच्या तारकासमूहाकडे (Southern Cross). त्याचा वरचा तारा तांबूस, खालचा निळसर-पांढरा. दोघांतलं अंतर 6 अंश. त्रिशंकू ताठ उभा असतो तेव्हा खालच्या ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची बघायची. ती त्रिशंकूच्या लांबीएवढीच असेल तर आपण हवाईच्या अक्षांशावर. दक्षिणेकडे सरकावं तसा त्रिशंकू वर चढतो. अंश, आकडे काही लागत नाहीत. मापाची पट्टी आकाशातच टांगलेली आहे. या विद्येतलं मला सगळ्यात आवडलेलं हेच आहे.

मी बसून आपल्या किनाऱ्यासाठी हिशोब मांडला. हवाईची बरोबरी आपल्याकडे सुरतेच्या जरा दक्षिणेला लागते. हर्णैला, म्हणजे 17.8 अंशांवर, खालची मोकळी जागा त्रिशंकूच्या दीडपट. मालवणला पावणेदोनपट. आणि गोव्याच्या दक्षिण टोकाला, काणकोणला, जवळपास दुप्पट. म्हणजे सगळा कोकण किनारा एक ते दोन त्रिशंकूंत मावतो.

मग गेल्या वर्षी मला बरोबरी का दिसली? दोन कारणं, आणि दोन्ही एकाच बाजूला ओढणारी. मी रात्री साडेनऊला मोजलं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडे त्रिशंकू ताठ होतो अकराच्या सुमारास. साडेनऊला तो डावीकडे कललेला होता आणि तितकाच खाली होता. दुसरं म्हणजे कनकदुर्गावरून नेमक्या दक्षिणेला किनाऱ्याचे डोंगर येतात. मी डोंगराची कड क्षितिज धरली. आपला किनारा उत्तर-दक्षिण पसरलेला, त्यामुळे पश्चिमेला समुद्र हवा तेवढा, पण दक्षिणेला पाण्याचं क्षितिज हवं तर पाण्यातच जायला हवं.

म्हणून या वेळी अमावस्येच्या आसपास ओळखीच्या एका नाखवांच्या बोटीवरून गेले. दहा वाव, म्हणजे साधारण अठरा मीटर खोल पाण्यात त्यांनी इंजिन बंद केलं. माझ्याकडे झाडूतला नारळाचा एक हीर होता. हात पूर्ण ताणायचा, हिराचं टोक वरच्या ताऱ्याला लावायचं, अंगठ्याचं नख खालच्या ताऱ्यावर आणायचं. ते झालं माप. मग तेवढाच हीर खाली सरकवायचा, टोक खालच्या ताऱ्यावर. नख आलं ते पाण्याच्या वर, काळोखातच. नखाखाली अजून अंदाजे अर्धा हीर जागा शिल्लक होती. खाली डावीकडे मित्र आणि मित्रक हे दोन तारे, आणि दूरच्या बोटींचे दिवे क्षितिजाची रेघ दाखवत होते.

दीड!

पावणेअकरा ते सव्वाअकरा असं पाच वेळा मोजलं. सगळ्यात कमी 1.4, सगळ्यात जास्त 1.6. अक्षांशात सांगायचं तर 17.2 ते 18.4, म्हणजे खऱ्या जागेच्या दोन्ही बाजूंना साधारण 65 किलोमीटर. चूक मुख्यतः धुरकट क्षितिजातून येते, बोट हलण्यातून कमी. कोपर वाकलं की मात्र माप लगेच बिघडतं. शेवटची दोन मापं हीर ठेवून नुसत्या बोटांनी घेतली, तीही याच मर्यादेत आली. पुढच्या वर्षी हीर न्यायचा नाही असं ठरवलंय. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरचे आणि अरब खलाशी ध्रुवासाठी गाठी मारलेल्या दोरीची फळी, कमाल, वापरत. हीर हा त्याचाच गरीब भाऊ. होकुलेआवर तेवढंही नसतं.

अक्षांश मिळाला तरी पूर्व-पश्चिम कळत नाही, हे ध्यानात ठेवायला हवं. म्हणूनच हवाईहून ताहितीला जाताना नौका मुद्दाम पूर्वेकडे, वाऱ्याच्या अंगाला राखतात आणि अक्षांश आला की वाऱ्याबरोबर पश्चिमेला वळतात. शिवाय ताहितीच्या अलीकडे तुआमोतूच्या प्रवाळ बेटांची लांब रांग आहे, ती चुकणं अवघड. 1976 मध्ये आधी दिसलं ते त्यांतलंच माताइवा.

तारा-होकायंत्राची प्रगती बेताची. नाइनोआने मांडलेल्या क्षितिजाच्या वर्तुळात 32 घरं, प्रत्येक घर सव्वाअकरा अंशांचं, आणि ज्या घरात तारा उगवतो त्याच नावाच्या पश्चिमेच्या घरात मावळतो. मृगाच्या बाणातला पहिला तारा नेमका पश्चिमेला, चित्रा ‘ला’ घरात, स्वाती ‘आइना’त, अभिजित ‘मानू’त, अगस्ती दक्षिणेकडच्या ‘नालानी’त. मावळतीची बाजू आता मला न अडखळता येते. उगवतीची येत नाही, कारण आपल्या पूर्वेला सह्याद्री आहे आणि तारे उशिरा, जागा सोडून वर आल्यावर दिसतात.

लाटांचं मात्र त्या रात्री अनपेक्षित शिकायला मिळालं. होडीच्या तळाशी पडून लाट ओळखायची ही माऊची रीत. मीही आडवी झाले, डोळे मिटले. आधी नुसतं हेलकावणं. दहा-एक मिनिटांनी दोन गोष्टी वेगळ्या झाल्या: वायव्येकडून येणारी आखूड, घाईची लाट, दुपारच्या खाऱ्या वाऱ्याने उठवलेली, आणि तिच्याखालून नैर्ऋत्येची लांब, सावकाश उचलणारी, जी दक्षिणेच्या दूरच्या वादळांतून निघून येते. सावकाश म्हणजे एका उचलीपासून दुसरीपर्यंत मी चौदा मोजले. नाखवांना विचारलं, तुम्हाला या दोन वेगळ्या कळतात का? ते म्हणाले, “ताई, त्यासाठी झोपायला कशाला हवं? पायाला कळतं ना.” मग त्यांनी उभ्या उभ्या, अंधारात, दोन्हींच्या दिशा हाताने दाखवल्या. मी नंतर ताऱ्यांवरून पडताळल्या. बरोबर होत्या. ही विद्या शिकायला मी इतके दिवस पॅसिफिककडे बघत होते, आणि बोटीवर तिचा एक तुकडा माझ्या शेजारीच उभा होता. पुढच्या खेपेला प्रश्नांची वही घेऊन जाणार आहे.

1 जूनपासून मासेमारी बंद, शिवाय पावसाळा, त्यामुळे आता ऑक्टोबरपर्यंत समुद्र नाही. पावसाळ्यात जोडताऱ्यांची यादी पाठ करायची आहे, म्हणजे कोणते दोन तारे एकाच वेळी मावळतात ती. पुढच्या एप्रिलअखेरीस, रात्री अकराला, काणकोणच्या बाजूला समुद्रावर कुणी असेल तर दुप्पट येतं का ते बघून कळवा. हात ताठ ठेवा, आणि त्रिशंकू सरळ उभा राहीपर्यंत थांबा.