अंबाबाईच्या दर्शनाला जाताना: थोडा वेळ भिंतींसाठी ठेवा

कोल्हापूरला अंबाबाईचं दर्शन म्हणजे दोन-तीन तास रांग आणि गाभाऱ्यासमोर जेमतेम अर्धा मिनिट. ‘चला, पुढं चला’ ऐकत बाहेर पडायचं, लाडू घ्यायचा, गाडीत बसायचं. बहुतेकांची वारी अशीच होते. माझं म्हणणं, रांगेचा वेळ वाचवा आणि तो देवळाला द्या.

त्यासाठी मुक्काम करावा लागतो. मुंबईची महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी पोचवते खरी, पण तोवर देवळात वर्दळ सुरू झालेली असते. आम्ही आईला घेऊन आदल्या दिवशीच पोचलो आणि ताराबाई रोडजवळ उतरलो. देवळाच्या आसपास लॉज, यात्री निवास भरपूर आहेत. स्टेशन आणि एसटी स्टँड जवळजवळच आहेत, तिथून देऊळ दोनेक किलोमीटर. रिक्षावाल्याला ‘भवानी मंडप’ सांगा. स्वतःची गाडी असेल तर बिंदू चौकाच्या पार्किंगला लावा आणि चालत या. महाद्वार रोडवर गाडी घालायच्या भानगडीत पडू नका.

पहाटे काकड आरतीच्या सुमारास निघालो. शुक्रवार, मंगळवार, सुट्ट्या आणि पौर्णिमा टाळलीत तर या वेळी रांग पटापट सरकते. आमच्या पुढं एक स्थानिक मावशी होत्या. आईचे गुडघे बघून म्हणाल्या, “काकू, लांबनं मुखदर्शन घ्या की. मी तर रोज तिथनंच हात जोडून जातो. देवी काय, तिथनं बी बघतीच की.” सल्ला सोळा आणे खरा. ज्यांना उभं राहवत नाही त्यांनी मुखदर्शनाच्या रांगेला लागावं. अंतरावरून, पण अगदी समोरून मूर्ती दिसते. धक्काबुक्की कमी, म्हणून मन जरा जास्त लागतं.

मूर्ती काळ्या दगडाची, तीनेक फुटांची. चार हातांत म्हाळुंग (लिंबाच्या जातीचं फळ), गदा, ढाल आणि पानपात्र, मस्तकावर नाग आणि लिंग, मागं सिंह. साडी-दागिन्यांत यातलं फार थोडं दिसतं. सकाळी साधारण साडेआठला आणि साडेअकराला अभिषेक असतो. त्या वेळी रांग अडते, हे धरूनच वेळ ठरवा.

दर्शन झालं की बाहेर पडायची घाई करू नका. आईला सावलीत बसवून मी बाहेरून सावकाश प्रदक्षिणा घातली. हे देऊळ एकदम एका काळात उभं राहिलेलं नाही. मूळ बांधकाम चालुक्यांच्या काळातलं मानतात, पुढं शिलाहार आणि यादवांच्या काळात भर पडत गेली. भिंत सरळ नाही. ताऱ्यासारखी कोनाकोनांनी आत-बाहेर होते, आणि प्रत्येक कोनावर कोणीतरी उभं आहे: नर्तकी, वादक, चौसष्ट योगिनी. कित्येकींचे हात तुटलेत, चेहरे झिजलेत. पण कमरेचा बाक, दागिन्यांची लड, पायातला तोडा अजून लख्ख दिसतो. सकाळचं तिरकं ऊन भिंतीवर आलं की कोरीव काम उठून येतं. दुपारी तेच सपाट वाटतं. एक आजी दर चार पावलांवर दगडाला हात लावून तो डोळ्यांना लावत होत्या. माझी मात्र मान वर करून दुखायला लागली.

आवारात महाकाली, महासरस्वती, शेषशायी, नवग्रह हे सगळं आहेच. शिवाय गेल्या काही वर्षांत उत्खननातून मोकळं झालेलं मनकर्णिका कुंडही बघा.

किरणोत्सव बघायचा असेल तर 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी किंवा 9 ते 11 नोव्हेंबर. देवी पश्चिमाभिमुख, त्यामुळे मावळतीची किरणं महाद्वारातून सरळ गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुख. हे झालं गणित. ढग, धूळ आणि वाटेतली बांधकामं यांच्यामुळे किरणं मध्येच अडतात, तेव्हा दिसलं नाही म्हणून हिरमुसू नका. नवरात्रात गर्दी अफाट; पण ललितापंचमीला त्र्यंबोली देवीची यात्रा आणि तिथला कोहळा फोडण्याचा विधी बघायचा असेल तर ती सोसावीच लागेल. गर्दी नको पण सोहळा हवा, अशांनी शुक्रवारी रात्रीची पालखी गाठावी. साडेनऊच्या सुमारास निघते.

किरकोळ पण कामाचं: चपला खोलीवर किंवा गाडीत ठेवा, उन्हाळ्यात पायात मोजे असू द्या, फरशी चटके देते. अंगभर कपडे घाला. आत फोटो काढायचे नाहीत. ओटीचं ताट घेताना भाव आधी ठरवा आणि नारळ कानाशी हलवून बघा. ‘लगेच दर्शन करून देतो’ म्हणत एकजण आमच्यामागं लागला होता. हात जोडून पुढं चालू लागलो.

भूक लागली तर अन्नछत्र आहे. आम्ही मिसळ खाल्ली, कट तिखट होता, आईनं दही मागवलं. संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जा. समोर म्हैस पिळून फेसाळ ग्लास हातात देतात. कच्चं दूध पचत नसेल तर नुसतं बघा.

दुसरा दिवस मोकळा असेल तर जोतिबा आणि पन्हाळा एका फेरीत होतात. नसेल तर भवानी मंडपाजवळ चप्पल खरेदी उरका. तळ वाकवून बघा, शिलाई तपासा, आणि नवी चप्पल चावतेच, तेव्हा घरी आल्यावर चपलेच्या अंगठ्याला आणि पट्ट्याला खोबरेल तेल लावून आठवडाभर घरातल्या घरातच वापरा.