दाढ काढली, पण जखम भरेना

तासगावकडच्या एक मावशी मुलाला घेऊन सांगलीला माझ्या दवाखान्यात आल्या. खालची दाढ काढून चार महिने झाले होते. "जखम काय भरंना, डॉक्टर. वास बी येतोय," पदर तोंडाशी धरून त्या म्हणाल्या.

हिरडीत पिवळट हाड उघडं पडलं होतं. टोचलं तरी दुखलं नाही, रक्तही आलं नाही. हाड मेलं होतं.

2021 मध्ये कोविडनंतरच्या म्युकर बुरशीने मेलेले जबडे आम्ही खूप पाहिले, पण ते बहुतेक वरचे, आणि साखर हाताबाहेर गेलेल्यांचे. मावशींना मधुमेह नव्हता. गळ्याला-जबड्याला रेडिएशनचा शेक? तोही नाही. गोळ्या फक्त बीपीच्या.

"आणि एखादं इंजेक्शन?"

"मिरजेला महिन्याला सलाईन लावत्यात की. हाडाच्या ताकदीचं."

मुलाने पिशवीतून फाइल काढली. स्तनाचा कॅन्सर, मणक्यात पसरलेला. झोलेड्रोनिक अ‍ॅसिड, 4 मिलिग्रॅम, दीड वर्षापासून. दात काढताना हे कुणी विचारलं नव्हतं, आणि दाताशी त्याचा संबंध असेल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

हे औषध हाड झिजवणाऱ्या पेशींना रोखतं. कॅन्सरने पोखरलेला मणका त्यामुळे तग धरतो, म्हणून ते गरजेचंच आहे. पण जुनं हाड काढून नवं घालण्याचं कामही त्याने मंदावतं. जबड्यावर चावण्याचा रोजचा ताण, वर पातळ हिरडी, तोंडात जंतू. त्यात दात काढला की खड्डा भरत नाही. औषधामुळे जबड्याचं हाड मरण्याचा हा आजार वैद्यकीय नियतकालिकात पहिल्यांदा नोंदला गेला तो 2003 मध्ये. जबड्याला रेडिएशन न घेता, अशा औषधावर असताना आठ आठवड्यांहून जास्त काळ हाड उघडं राहिलं, तर हे निदान करतात.

तरीही मला धास्ती होती. स्तनाचा कॅन्सर खालच्या जबड्यातही उतरतो. मुद्दाम तुकडा कापावा तर जखम आणखी वाढणार. ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत मेलेल्या हाडाचा एक तुकडा सुटा झालेला दिसला. तो अलगद उचलून तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत मुलाचे फोन सुरूच होते. रिपोर्टमध्ये मेलेलं हाड आणि जंतूंच्या वसाहती होत्या, कॅन्सरच्या पेशी नव्हत्या.

टोकदार कडा घासली, अँटिबायोटिक आणि क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या दिल्या, मिरजेच्या डॉक्टरांशी बोलले. पू थांबलाय. हाड अजून थोडं उघडं आहे, मावशी भाकरी दुधात कुस्करून खातात. मिरजेचे ते डॉक्टर आता पहिल्या इंजेक्शनच्या आधीच पेशंटला दात तपासायला पाठवतात.