जिवावरचं बोटावर

गुरुवार, रात्री

आज बँकेत माझी सही जुळली नाही.

एफडी मोडायची नव्हती, नुसती रिन्यू करायची होती. काउंटरवरचा मुलगा आमच्या धाकटीच्या वयाचा असेल. त्याने फॉर्म बघितला, स्क्रीन बघितली, परत फॉर्म बघितला. "मॅडम, पुन्हा एकदा सही करता का?" केली. "जरा मोकळ्या हाताने करा." आता सकाळी साडेदहाला मोकळा हात मी कुठून आणू? तोही बिचारा ओशाळला. त्याने स्क्रीन माझ्याकडे फिरवली, "ही बघा, अशी होती."

बघितली. खातं उघडलं तेव्हाची, म्हणजे धाकटीचा जन्मही झालेला नव्हता. आडनावाच्या शेवटच्या अक्षराची मात्रा मागे फिरवून पार पहिल्या अक्षराच्या डोक्यावर नेलेली. खाली एका दमात ओढलेली रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. काय तो तोरा! आजच्या सहीत मात्रा निम्म्यात बसली, कारण अंगठ्याचा सांधा तेवढा वळत नाही. रेघ दोन तुकड्यांत. टिंबं मात्र हुबेहूब.

"हाताला काही झालंय का?"

"संधिवात," मी म्हटलं.

इतक्या सहज म्हटलं की जणू वर्षानुवर्षं तेच सांगत आलेय. आणि मग काय विचारता. मागे उभ्या असलेल्या बाई लगेच पुढे झाल्या. कुठल्या बोटांत, सकाळी जास्त की रात्री, निर्गुंडीचा पाला उकळून शेक घेता का, महानारायण तेल कोमट करून लावा, वांगं बंद करा, दही तर अजिबात नको. मुलाने आतून खुर्ची आणून दिली. मॅनेजरबाई आल्या, आधार कार्ड बघितलं, चेहरा बघितला, समोर पुन्हा सही करून घेतली आणि काम झालं. वर म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंनाही आहे हो. फार वाईट दुखणं." त्या बाई आमच्याच गल्लीतल्या निघाल्या. तेल घरी आणून देणार आहेत.

घरी आल्यापासून तेच डोक्यात. संधिवात का म्हटलं मी?

रक्ताच्या तपासण्या झाल्यात, त्यात संधिवाताचं काही निघालेलं नाही. खरं सांगायचं तर त्या मुलाला असं सांगावं लागलं असतं: बाळा, पाळी गेली तरी बाईच्या शरीरात थोडं इस्ट्रोजेन हार्मोन बनत राहतं. चरबीत, स्नायूंत, अरोमाटेज नावाचं एक एन्झाइम ते बनवतं. माझी गाठ त्याच्यावर पोसलेली होती. म्हणून रोज रात्री जेवणानंतर मी लेट्रोझोलची अडीच मिलिग्रॅमची गोळी घेते, की त्या एन्झाइमचं दुकान बंद राहावं. दुकान छान बंद आहे. पण सांध्यांना आणि हाडांनाही तिथलाच माल लागत होता, हे माझ्या लक्षात आलं ते गोळी सुरू झाल्यावर तीनेक महिन्यांनी. म्हणून बाळा, मात्रा वळत नाही.

एवढं कोण ऐकणार बँकेत, हे एक कारण. पण ते खरं कारण नाही. खरं कारण म्हणजे पुढे काय होतं ते मला पाठ आहे. ‘कॅन्सर’ म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो, आवाज खाली येतो. मग आपणच घाईघाईने त्याला सावरायचं, "नाही नाही, आता सगळं उत्तम आहे, नुसती एक गोळी चालू आहे." मग त्याचा जीव भांड्यात पडतो आणि तो म्हणतो, "मग झालं तर!"

झालं तर. तिथे विषय संपला. त्यानंतर बोटं दुखतात हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

संधिवाताला कण्हायची मुभा आहे. संधिवातवाल्या बाईला खुर्ची मिळते, तेल मिळतं, मॅनेजरबाईंची सासू मिळते. मला काय मिळतं? "पेढे वाटा." गेल्या वेळचे रिपोर्ट चांगले आले तेव्हा वन्सं म्हणाल्याच होत्या, "वहिनी, जिवावरचं बोटावर निभावलं म्हणायचं." आता यावर काय बोलणार! मनापासून म्हणाल्या त्या. आणि शब्दशः खरंही आहे. बोटावरच निभावलंय. उजव्या हाताच्या अनामिकेवर, जी सकाळी मुठीत दुमडली की अडकते आणि डाव्या हाताने उचलली की टक् करून उघडते.

त्या टक् ने यांनाही जाग येते हल्ली.

सकाळी माझे हात म्हणजे डिसेंबरातलं खोबरेल, उन्हात ठेवल्याशिवाय पातळ व्हायचं नाही. उठले की आधी बेसिनमध्ये कोमट पाणी, त्यात दोन्ही हात बुडवून बसते. पहिल्यांदा मूठ वळते ती अर्धवट. पेपर हातात धरता येतो, पण पान उलटता येत नाही. दुधाची पिशवी कात्रीने कापायला यांना हाक मारते. गॅसचा लायटर दाबायला दोन अंगठे. मंगळसूत्राचा फासा गेल्या दिवाळीपासून बंदच आहे, डोक्यावरून काढायचं नि घालायचं. साडेअकराच्या सुमारास हात माझे होतात. म्हणजे बँकेत दुपारी जायचं, हा आजचा धडा. (तो मुलगा म्हणत होता, "मॅडम, नवीन सही नोंदवून टाका ना, दोन मिनिटांचं काम आहे." मी बघते म्हटलं. नाही नोंदवणार. का नाही, ते विचारू नका.)

रात्रीचं तर बोलूच नये. मानेपासून एक झळ उठते, कानांपर्यंत जाते, उशी भिजते. पंखा पाचवर. दहा मिनिटांत थंडी वाजते, की पांघरूण. तोवर हे जागे होऊन दोनवर करतात, की परत झळ. मे महिन्यात डोंबिवलीत घाम येणं हे गोळीच्या खात्यावर मांडायचं की डोंबिवलीच्या, हा एक प्रश्नच आहे. पण जानेवारीत लोकलमध्ये सगळ्या शाली गुंडाळून बसलेल्या आणि आपण तेवढ्या तिकिटाने वारा घेतोय, तेव्हा खातं कुणाचं ते कळतं. भांग रुंद झालाय. वजन वाढलंय, आणि गुडघे ते मोजून दाखवतात. आणि कोरडेपणा. त्याबद्दल इथे लिहिणार नाही.

हाडांचं वेगळंच. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनमध्ये कण्याचा टी-स्कोर मायनस १.९ आला. मायनस १ च्या खाली गेलं की हाडं विरळ व्हायला लागली म्हणतात, मायनस २.५ पर्यंत पोचलं की ठिसूळ. म्हणून कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि दर सहा महिन्यांनी झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडची सलाइन. त्या औषधाने क्वचित कुणाच्या जबड्याच्या हाडाला त्रास होतो, म्हणून आधी दात दाखवून या म्हणाले. छातीतल्या गाठीसाठी गोळी, गोळीसाठी सलाइन, सलाइनसाठी डेंटिस्ट. डेंटिस्टने एक दाढ काढायला सांगितली.

पण हे सगळं लिहितानाही परळची ती ओपीडी डोळ्यांसमोर येते, आणि हात आखडतो. तिकडच्या बाकांवर बसलं की माझं तोंडच उघडत नाही. डोक्याला स्कार्फ बांधलेल्या मुली, धाकटीपेक्षा लहान. कुणाचा नवरा फायलींची पिशवी पोटाशी धरून झोपलेला, कुठल्या कुठून आलेले लोक, बिहार, बंगाल, आसाम. आत डॉक्टर विचारतात, "कशा आहात?" मी म्हणते, "छान." दर वेळी छान. ते बिचारे मान डोलावतात, गोळ्या लिहून देतात, पुढचा नंबर. बाहेरच्या बाकावर जे बसलंय त्याच्यापुढे माझं बोट काय म्हणून ठेवू?

आणि शेजारच्या खाटेवरची ती सोलापूरची. केमोच्या दिवसांत माझ्या हाताला धरून बाथरूमपर्यंत नेणारी. तिला ही गोळी लागू पडणाऱ्यातला आजार नव्हता. असता, तर तिने बोटं दुखतात म्हणून...

जाऊ दे.

तर प्रश्न तिथेच. दुखणं खरं आहे, पण त्याला रडायची परवानगी कुणाकडून काढायची? वाचलेल्या माणसाने तक्रार करू नये असं कुणी मला सांगितलेलं नाही. यांनी तर कधीच नाही. नियम मीच केलाय आणि मीच पाळतेय. बँकेत संधिवाताच्या नावावर दहा मिनिटं रडून घेतलं, तेवढंच. आणि कबूल करायला हवं, मजा आली. खुर्चीवर बसून "हो ना, फार ठणकतात हो" म्हणताना किती बरं वाटलं! खोट्या नावावर का होईना, दुखणं खरंच होतं.

दुपारी मग पेटूनच बसले आणि वाचून काढलं. या जातीच्या गोळ्या घेणाऱ्या जवळजवळ निम्म्या बायकांचे सांधे दुखतात. निम्म्या! म्हणजे त्या बाकांवर माझ्यासारखं ‘छान’ म्हणणाऱ्या आणखी किती असतील? पुष्कळजणी पाच वर्षं पुरी न करताच गोळी सोडतात, आणि त्याचं एक मोठं कारण हेच दुखणं. म्हणजे न बोलण्याने कुणावर उपकार होत नाहीयेत. डॉक्टरांना कळलं तर ते याच जातीतली दुसरी देऊन बघतात, अ‍ॅनास्ट्रोझोल किंवा एक्झेमेस्टेन. एकीने छळलं म्हणजे दुसरीही छळेलच असं नाही. पण आपल्या मनाने बंद करायची नाही.

शाळेतली मैत्रीण याच आजारावरच्या दुसऱ्या जातीच्या गोळीवर, टॅमॉक्सिफेनवर आहे, तिची पाळी गेली नव्हती म्हणून. तिचे सांधे बरे आहेत, पण तिला गर्भाशयाच्या अस्तराची नि रक्ताच्या गुठळ्यांची धास्ती. फोनवर आम्ही कुणाची गोळी जास्त वाईट यावर भांडतो. ते टॅमॉक्सिफेन म्हणे १९६२ साली इंग्लंडमध्ये कुटुंबनियोजनाची गोळी म्हणून तयार केलं होतं. त्या कामाला अगदीच नालायक ठरलं. तिला सांगितलं तर म्हणाली, "माझ्यासारखंच, दुसऱ्याच डिपार्टमेंटला उपयोगी पडलं."

आणखी एक वाचलं, ते मात्र आवडलं नाही. अमेरिकेत येल विद्यापीठात अभ्यास झाला, २०१५ मध्ये छापून आला. या गोळ्या घेऊन सांधे दुखणाऱ्या १२१ बायका. निम्म्यांना आठवड्याला १५० मिनिटं दमदार चालणं आणि दोनदा वजनं उचलायचा व्यायाम लावला. वर्षभरात त्यांचं दुखणं २९ टक्के कमी झालं, नुसत्या बसलेल्यांचं होतं तिथेच. म्हणजे ज्या गुडघ्यांनी जिना उतरवत नाही त्यांनाच चालवायचं. हे गेलं वर्षभर तेच सांगताहेत, आणि आता येलही त्यांच्या बाजूने. मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.

संध्याकाळी वन्संचा फोन. शतावरी कल्प पाठवतेय म्हणाल्या, "बायकांच्या सगळ्या तक्रारींवर एकच औषध." मागेच डॉक्टरांनी बजावलंय की शतावरीसारखं काही विचारल्याशिवाय घ्यायचं नाही, त्यात इस्ट्रोजेनसारखं वागणारं काही असू शकतं. म्हणजे पुढच्या दाराला कुलूप लावून मागचं दार उघडायचं. एरवी मी "बरं बरं, पाठवा" म्हणून डबा माळ्यावर टाकला असता. आज म्हटलं, "वन्सं, मला ते चालत नाही. आणि माझी बोटं फार दुखतात हो." पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग म्हणाल्या, "अगं, मग बोलली का नाहीस? मी तुला परवा पुरणपोळ्या लाटायला बसवलं!" आणि वर माझ्यावरच रागावल्या. पाऊण तास बोलत होत्या. त्यांचा खांदा, त्यांच्या टाचा, सगळं ऐकून घेतलं मी. हा तोटा आहे तक्रार करण्यात, परतफेड करावी लागते.

जेवणं झाल्यावर वहीचं मागचं पान फाडून यादी करायला घेतली, पुढच्या तपासणीला डॉक्टरांसमोर ठेवायला. तोंडाने ‘छान’च निघणार, म्हणून कागद. बोटं सकाळी किती वेळ आखडतात. अनामिका अडकते. रात्री झोप किती वेळा मोडते. जिना उतरताना गुडघे. नावं विसरते. आणि ते न लिहायचंही लिहिलं, बारीक अक्षरात. दुसरी गोळी चालेल का, झळांसाठी काही आहे का, नारळ खवू का नको.

गोळी घ्यायला उठले तेवढ्यात यांनी कागद ओढून घेतला. चष्मा लावून सगळा वाचला, एक शब्द बोलले नाहीत. मग माझंच पेन घेऊन खाली एक ओळ वाढवली, ‘चिडचिड फार’, आणि तिला दोन रेघा मारल्या.

मी त्याखाली लिहिलं, ‘नवरा नारळ करवंटीसकट खवतो. यावर उपाय?’