वावरात जाताना साप चावला

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी, समाजमंदिरात, तलाठी भरतीची तयारी करणारी पाच-सहा मुले संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजी व्याकरण शिकायला बसतात. मागच्या आठवड्यात मी त्यांना वरचे वाक्य भाषांतराला दिले, तेव्हा बहुतेकांनी 'गोइंग टू द फील्ड, अ स्नेक बिट हिम' असे लिहिले. इंग्रजीच्या हिशेबाने यात वावरात निघालेला साप ठरतो, कारण वाक्यारंभी आलेले 'पार्टिसिपल' (क्रियापदापासून बनलेले, विशेषणासारखे वापरले जाणारे रूप, इथे 'गोइंग') पुढच्या कर्त्याला जाऊन चिकटते. आपले 'जाताना' असा हट्ट धरत नाही. मग मी फळ्यावर 'वावरात जाऊन साप चावला' असे लिहिले आणि मुले हसली, कारण आता मराठीतही सापच वावरात गेला होता. म्हणजे कर्ता एकच असावा हा नियम आपल्या कानाला ठाऊक आहे, फक्त तो 'ताना'पाशी नसून 'ऊन'पाशी आहे. 'ही वॉज बिटन बाय अ स्नेक' अशी दुरुस्ती त्यानंतर त्यांनीच सुचवली. 'बॉइलिंग' म्हणजे उकळते आणि 'बॉइल्ड' म्हणजे उकळलेले, हा दोन 'पार्टिसिपल'मधला फरक तर चुलीजवळ वाढलेल्याला वेगळा शिकवावा लागत नाही.

शब्दयोगी अव्यये आणि विभक्तिप्रत्यय आपल्याकडे नामामागून येतात (वऱ्हाडीतला 'बापाले'मधला 'ले'सुद्धा), तर 'प्रिपोझिशन' नामाच्या आधी येते. पण खरी अडचण जागेची नाही, वाटणीची आहे. एसटीत आणि ऑटोत बसताना आपल्याला एकच 'त' पुरतो, इंग्रजीला मात्र 'ऑन द बस' आणि 'इन अ‍ॅन ऑटो' असे दोन शब्द लागतात. ज्या वाहनात उभे राहून चालता येते तिथे साधारणपणे 'ऑन' येते. उलट 'घरी' आणि 'घरात' यांतला सूक्ष्म भेद मराठीतही आहे, आणि 'अ‍ॅट होम' व 'इन द हाउस' समजावताना मला त्याचाच सर्वांत जास्त उपयोग झाला.

'फ्रेझल व्हर्ब'च्या, म्हणजे 'पुट ऑफ'सारख्या जोडक्रियापदांच्या, लांबलचक याद्या पाठ करायला लावणे मला पटत नाही. 'बोलून बसला' यात कोणी बसत नाही आणि 'विकून टाकले' यात कोणी काही टाकत नाही, हे ज्याच्या लक्षात आले, त्याला 'पुट ऑफ'मध्ये लांबणीवर टाकणे आणि 'पुट आउट'मध्ये आग विझवणे कसे शिरले, याचे फारसे नवल वाटत नाही. 'टर्न ऑफ द पंप' आणि 'टर्न द पंप ऑफ' ही दोन्ही वाक्ये चालतात, पण सर्वनाम आले की 'टर्न इट ऑफ' एवढेच चालते. त्यावर एका मुलीने विचारले, की मग 'लुक आफ्टर' (सांभाळणे) याचे 'लुक इट आफ्टर' का चालत नाही? तिथले 'आफ्टर' अजून 'प्रिपोझिशन'च आहे. त्याला आपले नाम किंवा सर्वनाम आपल्यानंतरच हवे असते.