तुम्ही विचारलंत म्हणून: दात्याची भूल सोपी असते का?

मी नागपुरात भूलतज्ज्ञ आहे. जिवंत दाता आपल्या यकृताचा भाग देतो, त्या लिव्हर ट्रान्सप्लांटच्या आधी नातेवाईक भेटले की एक प्रश्न हमखास येतो, "मॅडम, पेशंटचं समजू शकतो, पण दाता तर धडधाकट आहे. त्याची भूल सोपीच असणार ना?"

नाही. धडधाकट आहे म्हणूनच मला त्याची जास्त धास्ती वाटते. एरवी एका पारड्यात ऑपरेशनचा धोका असतो आणि दुसऱ्यात आजाराचा. दात्याला आजारच नसतो. यकृताचा उजवा भाग देणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण साधारण 0.2 ते 0.5 टक्के धरतात. आकडा छोटा आहे, पण नवऱ्यासाठी स्वतःच्या पायांनी चालत ऑपरेशन थिएटरमध्ये आलेल्या बाईच्या बाबतीत मला तो छोटा वाटत नाही.

तपासण्या भरपूर होतात. मागे किमान 30 ते 35 टक्के यकृत उरेल ना, हे सीटी स्कॅनवर मोजतात. आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो, म्हणून त्या तपासणीबाबत मी फार आग्रही असते. सिकलसेलच्या वाहकाला थंडी, पाण्याची कमतरता, ऑक्सिजनची घट यांपासून जपावं लागतं, आणि या ऑपरेशनमध्ये नेमकं सलाइनच हात राखून द्यावं लागतं.

ते का, तर शिरांमधला दाब वाढला की यकृताच्या शिरा फुगतात आणि कापताना रक्त जास्त जातं. पण सलाइन फारच आखडलं तर बीपी पडतं, किडनीला झळ बसते. यकृत कापण्याचं काम चालू असते ते सगळे तास मी याच अरुंद पट्ट्यात असते. भाग वेगळा झाला की हळूहळू कमतरता भरून काढते. दात्याला बाहेरचं रक्त द्यावं लागू नये, हा माझा हट्ट असतो.

खरी परीक्षा मात्र नंतर, दुखण्याची. बरगड्यांखाली मोठा छेद असतो. पाठीत एपिड्युरलची, म्हणजे मणक्याजवळ दुखणं थांबवणारं औषध सोडणारी बारीक नळी ठेवली तर आराम पडतो, पण पहिले काही दिवस रक्त गोठण्याची क्षमता उतरते आणि तेव्हा ती नळी काढताना मणक्यात रक्तस्राव होण्याची भीती असते. म्हणून अनेक टीम मणक्यात मॉर्फिन या जोरदार वेदनाशामकाचा एकच डोस किंवा पोटाच्या नसांचे ब्लॉक (नसा बधिर करणारी इंजेक्शनं) निवडतात. औषधं पचवणारं यकृतच बरंच कमी उरलेलं असतं, त्यामुळे पॅरासिटामॉलसुद्धा मोजून. मॉर्फिन साचलं तर गुंगी वाढते, श्वास मंदावतो. दुखणं तर थांबलं पाहिजे आणि माणूस जागाही राहिला पाहिजे.

यात घरच्यांची मदत लागते. सगळे पेशंटच्या आयसीयूबाहेर थांबतात आणि दाता "माझं काय, मी बरा आहे" म्हणत दुखणं गिळतो. तसं होऊ देऊ नका. दात्यासाठी एक माणूस वेगळा ठेवा, आणि तो खोल श्वास घ्यायला, खोकायला घाबरत असेल तर लगेच सिस्टरला सांगा.