झगा न बदलता पात्रं वेगळी कशी दिसतील?

माझ्या कॉमिकमध्ये सरड्यांसारखी एक जमात आहे. नाव पंखगळे. निळ्या झग्यातला नायक, लाल झग्यातला खलनायक आणि दोघांचं तोंड एकाच साच्यातलं, हा आळशीपणा मला डोक्यात जातो. म्हणून झगेच काढून टाकले.

कल्पना आली ती ठोसेघरच्या पुढच्या चाळकेवाडीच्या पठारावरून. तिथला सरडा 2016 साली ‘सरडा सुपर्बा’ या नावानं नवी प्रजाती म्हणून नोंदला गेला. विणीच्या दिवसांत नर दगडावर चढतो आणि गळ्याखालचा कातडीचा पंखा उघडतो. निळा, काळा, नारिंगी, नुसता झगमगाट! मादी मात्र मातकट. नजर हलली की दगडात गडप. जात एक, पण दोघांत केवढा फरक!

त्याहून कामाची गोष्ट 2018च्या एका अभ्यासात सापडली. पठारावर पवनचक्क्या आहेत. त्यांच्या आसपास शिकारी पक्षी कमी, म्हणून सरडे जास्त. माणूस अगदी जवळ गेला तरी ते लवकर पळत नाहीत. पण गर्दीत खाण्यावरून चढाओढ, त्यामुळे अंगानं बारीक आणि पंख्याचे रंगही फिके. मला तर दोन गावं आयती मिळाली! चक्कीखालचे पंखगळे हाडकुळे, फिकट, पाय पसरून निवांत बसणारे. पलीकडचे भरलेले, भडक, पण सदा मान वर करून आभाळाकडे बघणारे.

काही गोष्टींना मात्र हात लावायचा नाही. मागचे पाय लांब, गुडघे बाहेरच्या बाजूला, मान जवळजवळ नाहीच, डोळा आणि नाकपुडी यांतलं अंतर ठरलेलं. हा कागद टेबलासमोर चिकटवलाय. बाकी सगळं ज्याच्या त्याच्या आयुष्यानं ठरवायचं.

उदाहरणार्थ ठिकरी आजी. तिची शेपूट तरुणपणीच घारीनं तोडली. शेपूट गेली की तोल गेला, म्हणून ती पुढे झुकून, काठीवर भार टाकून चालते. चित्र पूर्ण काळं भरून नखाएवढं केलं तरी ती ओळखू येते. माझी परीक्षा एवढीच.

भाचा म्हणाला, “मामा, ही बाई आहे हे कळणार कसं? पापण्यांचे केस तरी काढ.” अरे, सरड्याला कसले केस? आणि अंडी घालणाऱ्या बाईला छाती काढणारे चित्रकार तर मला कोपरापासून नमस्कार करावेसे वाटतात. ठिकरीच्या सुनेचं पोट अंड्यांनी दोन्ही बाजूंना फुगलंय, ती बसताना आधी कूस टेकवते. पुरे की.

आता अडलंय ते पावसाळ्याच्या भागात. गळ्याचा पंखा मिटला की नर आणि मादी यांच्यात फरक उरतो तो डोक्याच्या रुंदीत आणि खांद्यांत, आणि खांदे अजून मनासारखे उतरत नाहीयेत. भाच्यानं त्यावरही तोडगा काढलाय: नराला छत्री द्यायची.