शवलेपन : लेप नसलेला लेप

मृतदेह कुजू नये म्हणून त्यावर रसायनांची प्रक्रिया करतात, त्या एम्बामिंगला मराठीत ‘शवलेपन’ म्हणतात. शब्द घाटदार आहे, पण फसवाही आहे. लेप म्हटलं की वरून चोपडायची वस्तू डोळ्यांपुढे येते. आजचं शवलेपन मात्र आतून, रक्तवाहिन्यांतून होतं.

दोष एकट्या मराठीचा नाही. ‘एम्बाम’मधला ‘बाम’ म्हणजे डोकं दुखल्यावर कपाळाला चोळतो तोच. त्याचं मूळ लॅटिन ‘बाल्सामम’, म्हणजे झाडाची सुगंधी राळ. प्राचीन इजिप्तमध्ये नॅट्रॉन या क्षारात देह सुकवून त्याला तेलं आणि राळ लावत. त्या कामाला ‘लेपन’ शोभतं.

आता मानेतली कॅरोटिड किंवा जांघेतली फेमोरल धमनी उघडून तिच्यात नळी बसवतात आणि पंपाने द्रावण सोडतात. प्रौढ देहाला साधारण ८ ते १० लिटर लागतं. जवळची शीर उघडून रक्त बाहेर काढतात. द्रावणातला मुख्य घटक फॉर्मॅलिन, म्हणजे पाण्यात ३७ ते ४० टक्के फॉर्मल्डिहाइड. ते बरंच पातळ करून वापरतात. फॉर्मल्डिहाइड प्रथिनांच्या साखळ्या एकमेकींना जखडतं, त्यामुळे ऊती घट्ट होतात आणि जंतूंना खाद्य उरत नाही. सोबत ओलावा टिकवायला ग्लिसरीन आणि बुरशी रोखायला फिनॉल असतं.

बिघडतं ते बहुधा घाईमुळे. दाब जास्त झाला की चेहरा सुजतो. रक्ताची गुठळी आडवी आली की एखादा पाय कोरडाच राहतो. मग त्या पायाच्या धमनीतून वेगळं द्रावण द्यावं लागतं. द्रावण फार तीव्र असेल तर बारीक वाहिन्या आधीच आकसतात आणि पुढचा भाग तसाच सुटतो. कावीळ झालेल्या देहात फॉर्मल्डिहाइडमुळे पिवळं बिलिरुबिन हिरव्या बिलिव्हर्डिनमध्ये बदलतं आणि त्वचा हिरवट दिसू लागते.

शब्द वापरताना एक भेद पाळाच. मृतदेह शीतगृहात ठेवला तर ‘देहाचं शवलेपन केलं’ असं लिहू नये. थंडीने कुजणं फक्त मंदावतं. देह बाहेर काढला की ते पुन्हा वेग घेतं. शवविच्छेदनाशीही घोळ नको. मृत्यू संशयास्पद असेल तर शवविच्छेदन आधी, शवलेपन नंतर. क्रम उलटला तर रक्त निघून गेलेलं असतं, ऊतींत फॉर्मल्डिहाइड मुरलेलं असतं आणि कित्येक विषांचा माग लागणं अवघड होऊन बसतं.